डॉक्टरांनी तिला विचारलं होतं

डोंबिवलीतल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी सातनंतर अर्धा तास बसून बघा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आत जाते. डॉक्टर मुलीकडे बघून विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर आई देते. "अहो, धड खात नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी उठायला नको. मग डोकं दुखणारच ना!" लक्षण, कारण, निदान, सगळं एका दमात. मुलगी सॅकच्या पट्ट्याशी चाळा करत बसून राहते. बाहेर नंबर लागलेले असतात, डॉक्टर गोळ्या लिहून देतात. मुलगा असला तर तो बहुतेक आत येतच नाही. बाबाच जाऊन "पोराला जरा कणकण आहे" म्हणून औषध घेऊन येतात.

पालकहो, आई बोलते ती काळजीपोटीच, आणि पुष्कळदा तिचं बरोबरही असतं. पण डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. आपल्याला काय होतंय हे स्वतःच्या तोंडाने सांगायची सवय सोळाव्या वर्षी लागली नाही, तर विसाव्या वर्षी ती आपोआप येत नाही. मग आपणच चारचौघांत म्हणतो, "हल्लीची मुलं काही सांगतच नाहीत हो."

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलांशी कामानिमित्त माझं बोलणं होतं. "तुझ्या तब्येतीबद्दल तुला काय वाटतं?" असं विचारलं की आधी ती बावचळतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग हळूहळू सुरू होतात. झोप पुरत नाही. गाडीने जीव जातो. घरी आल्यावर दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही तर बरं वाटेल. चेहऱ्यावर पुटकुळ्या आहेत, फोटोत यायला नको वाटतं. दिवसभरात कुणाशी खरं असं बोलणंच झालं नाही. उंची, वजन, चष्म्याचा नंबर, म्हणजे आपण ज्याला तब्येत म्हणतो ते, कुठेतरी शेवटी येतं. आपला हिशेब सोपा: ताप नाही, खोकला नाही, डबा रिकामा येतोय, म्हणजे पोर ठणठणीत. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. नुसता आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि चार माणसांतलं जगणं हे तिन्ही नीट असायला हवं, असं ती सांगते. तिचं नावही न ऐकलेली ही पोरं आपल्यापेक्षा तिच्या जास्त जवळ आहेत.

देशभरातल्या मुलांना हे विचारण्याचा एक मोठा प्रयत्न एनसीईआरटीने केला होता. जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक मुलांनी स्वतःच्या मनाबद्दल उत्तरं दिली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची धास्ती वाटते असं ८१ टक्के मुलांनी सांगितलं आणि बातम्या त्या आकड्याच्याच झाल्या. मला त्याच अहवालातली दुसरी एक जोडी जास्त बोलकी वाटते. शाळेतल्या आयुष्याबद्दल समाधानी असलेली मुलं होती ७३ टक्के, आणि स्वतःच्या खाजगी आयुष्याबद्दल समाधानी असलेली ५१ टक्के. शाळेवर, मास्तरांवर, शिक्षणपद्धतीवर खापर फोडणं आपल्याला सोयीचं पडतं. मुलं मात्र सांगतायत की शाळेत त्यामानाने बरं चाललंय. शाळा सुटल्यानंतरचे तास आपल्या ताब्यात असतात, तेव्हा ही बाविसांची तफावत आपणही थोडी पदरात घ्यायला हवी.

झोपेचंच घ्या. रात्री लवकर न झोपणं हा आपल्या घरांतला रोजचा वाद. यात एक गोष्ट मुलांच्या बाजूची आहे आणि ती पालकांना फारशी ठाऊक नसते. वयात येताना मेंदूत झोप आणणारं मेलाटोनिन हे द्रव्य उशिरा पाझरू लागतं. लहानपणी नऊला पेंगणारा मुलगा पंधराव्या वर्षी अकराला टक्क जागा असतो, तो सगळाच आगाऊपणा नसतो. विशीत शिरल्यावर हे घड्याळ पुन्हा मागे येऊ लागतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. ती रात्री उशिरा सुरू होणार आणि सकाळी कॉलेज सातचं, तर गणित जुळणार कसं? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती चौथीनंतरची मुलं त्यातून सुटली.

त्यात आपला भूगोल. डोंबिवलीहून माटुंग्याच्या कॉलेजात जाणारं पोर सहाच्या आत घराबाहेर पडतं. बसायला मिळावं म्हणून आधी कल्याणपर्यंत डाऊन करून येणारेही आहेत. म्हणजे झोपेतली आणखी पंधरा-वीस मिनिटं गेली. कॉलेज नावापुरतं आणि क्लास दिवसभर अशी सोय असेल तर रात्री नऊला परत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली, काहींचे जीव गेले. त्यानंतर आठ-पंधरा दिवस घराघरांतून "पोचलास का?" असे मेसेज जात होते. मग ते थांबले. गर्दी थांबली नाही. त्या गर्दीत रोज उभं राहणाऱ्या मुलाच्या पोटात सकाळी काय होत असेल, हे त्याला विचारून बघा. "सवय झालीय" हे पहिलं उत्तर असतं. दुसऱ्या उत्तरासाठी थोडं थांबावं लागतं.

मुलींची आणखी एक गोष्ट आहे. ती आईला कळायला हवी, आणि बाबांनाही. घरातून भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येते, कारण पाणी प्यायलं की स्वच्छतागृह शोधावं लागतं. स्टेशनवरचं नको वाटतं, क्लासच्या इमारतीत सगळ्या मजल्यांना मिळून एक असतं, तेही कुलपात. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. आपण म्हणतो, "पाणी पीत जा गं, किती वेळा सांगायचं!" तिला पाण्याचं महत्त्व ठाऊक असतं. अडचण पुढची आहे आणि ती उपदेशाने सुटणारी नाही. लघवीची जळजळ, वारंवार येणारा ताप यांमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

"सारखी लोळत असते" ही तक्रारही जरा तपासून घ्यावी. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के मुलींना रक्तक्षय होता, मुलांपैकी १८ टक्क्यांना. मुलगी म्हणते, "मला सारखं थकल्यासारखं वाटतं", आपण म्हणतो, "या वयात कसला थकवा?" या वयातच तर तो असतो, उंची वाढते आहे, पाळी सुरू झाली आहे, आणि सकाळचा नाश्ता म्हणजे उभ्याने प्यायलेला चहा. साधी रक्ततपासणी करून हिमोग्लोबिन बघायला फार खर्च येत नाही. जेवणाला लागून चहा टाळला आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळलं तर लोह अंगाला जास्त लागतं. आळस आणि रक्तक्षय बाहेरून सारखेच दिसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ भांडणं वाचतील.

आता मोबाईल. तो आलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही हा लेख मिटून ठेवाल. मोबाईलने झोप मोडते, मान धरते, दुसऱ्यांचे चकचकीत चेहरे बघून स्वतःचा नकोसा होतो. हे खरं आहे आणि मुलंच ते आपल्यापेक्षा तपशिलात सांगतात. माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. मुलगा म्हणतो डोळे दुखतात, आपण म्हणतो मोबाईल. मुलगी म्हणते झोप लागत नाही, मोबाईल. भूक नाही, मोबाईल. मन लागत नाही, बघ, म्हणूनच सांगत होते! मुलाने विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याच विरुद्धच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल होते. दोन-चारदा असं झालं की कुठलाही शहाणा आरोपी करेल तेच तो करतो. बोलणं बंद. "काही नाही गं, ठीक आहे" हे उत्तर आपणच त्याला शिकवलेलं असतं. मुलं सांगत नाहीत याचं मुख्य कारण माझ्या मते हेच, आणि ते मोबाईलपेक्षा जुनं आहे. मोबाईल नव्हता तेव्हा त्या जागी मित्र होते, सिनेमे होते, क्रिकेट होतं.

ऐकून घेणारं कुणी नसलं तर दुखणं सांगितलं जात नाही, ही गोष्ट याच भागात वाढलेल्या एका मुलीने दीडशे वर्षांपूर्वी ओळखली होती. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी कल्याणला वाढल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत मूल गेलं. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरपुढे बोलण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून बाईच डॉक्टर व्हायला हवी, हे त्यांचं म्हणणं. १८८३ साली श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमध्ये, भरसभेत त्यांनी ते मांडलं तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या, म्हणजे आपल्या बारावीतल्या मुलीएवढ्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. ही कथा आपण मुलांना जिद्दीची म्हणून सांगतो. तिची दुसरी बाजू सांगत नाही. अमेरिकेला निघण्याच्या आधीपासून त्यांना डोकेदुखी, बारीक ताप, धाप हे सगळं होतं. त्यांचे पती गोपाळराव यांचा शिक्षणाचा ध्यास प्रसिद्धच आहे. त्या ध्यासापुढे हे दुखणं मागे पडलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, क्षयाने त्या पुण्यात गेल्या. ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी मुलांना जुंपताना आनंदीबाईंचं नाव घेणाऱ्यांनी ही तारीखही सांगावी.

मनाच्या दुखण्याबद्दल बोलायचं तर ठाण्याचं नातं जरा विचित्र आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे "याला ठाण्याला न्यायला हवं" हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रात चालत आला, आणि ठाणेकरांनीही तो हसून सोसला. पण याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मनाचं आरोग्य हे वेड्यांपुरतं नसून सगळ्यांसाठी आहे, हे त्यांनी तीसपस्तीस वर्षं सांगितलं. विद्यार्थ्यांसाठीची ‘वेध’ ही परिषद त्यांचीच. आजची ठाण्याची मुलं "मी थेरपीला जाते" हे "मी क्लासला जाते" इतक्या सहज म्हणतात, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. आपल्या घशात मात्र तो जुना विनोद अजून अडकलाय. मुलाने "मला कुणाशी तरी बोलायचंय" म्हटलं की आपण आधी विचारतो, "कुणाला कळलं तर?"

मुलं शब्द सैल वापरतात, हे मान्य. आवडती टीम हरली की डिप्रेशन, पेपर जवळ आला की अँक्झायटी, आईने दोनदा हाक मारली की टॉक्सिक! हसू येतं. पण शब्द रीलमधून उचललेला असला तरी आत जे होतंय ते त्याचं स्वतःचं असतं. शब्दावरून वाद न घालता "म्हणजे तुला नेमकं काय होतं?" एवढंच विचारलं तर खरी गोष्ट बाहेर येते. कधी ती खरंच क्षुल्लक असते. कधी नसते.

मुलग्यांचं दुःख वेगळंच आहे, त्यांना हे उसने शब्दही धड मिळालेले नाहीत. बापाशी बोलणं फी, निकाल आणि बाइकच्या किल्लीपुरतं. तो जिम लावतो, डब्यातली पोळी परत आणतो आणि दोन-अडीच हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा मागतो, तेव्हा आपल्याला तो हौशी वाटतो. विचारलं तर कळतं की नववीत त्याला कुणी तरी "काडी" किंवा "ढोल्या" म्हटलं होतं, ते अजून गेलेलं नाही. शरीराची लाज ही मुलींपुरती गोष्ट राहिलेली नाही.

मग मुलांचं सगळंच बरोबर? अजिबात नाही. रीलवर बघून सोळा तास उपाशी राहणं, कुणी न सांगता दुकानातून स्टेरॉइड असलेली गोरेपणाची मलमं आणून महिनोन् महिने चोपडणं, ‘वेप म्हणजे सिगारेट नव्हे’ ही समजूत; हे सगळं घातक आहे आणि ते ठणकावून सांगायलाच हवं. ई-सिगारेटवर तर २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे. पण ठणकावण्याचा अधिकार ऐकून घेणाऱ्याला मिळतो. मधल्या काळात काहीच न ऐकता थेट मलमाच्या ट्यूबवर धाड घालणारा पालक त्यांच्या लेखी पोलिसच.

मित्रांबद्दल थोडं. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जी तरुण गर्दी लोटते तिच्याबद्दल आपण दरवर्षी कुरकुरतो: किती तो आवाज, काय ते कपडे, वाहतूक अडली. मला विचाराल तर या दोन-तीन शहरांतलं तरुण मुलांच्या तब्येतीचं ते सगळ्यात मोठं शिबिर आहे. वर्षभर एकमेकांचे स्टेटस बघणारी पोरं त्या सकाळी एकमेकांसमोर उभी राहतात. ठाण्यात तलावपाळीचा कट्टा हेच काम रोज संध्याकाळी करतो. मुलं कोलमडतात तेव्हा पहिली हाक बहुतेक वेळा मित्राला जाते, आईबापांना नाही. त्यात अपमान वाटून घेऊ नये. त्या मित्राचं नाव आणि नंबर आपल्याकडे आहे का, हे बघावं. पोरांना पाय मोकळे करायला जागा मात्र कमी होत चालल्यात. भागशाळा मैदान, सुभाष मैदान, काळा तलाव ही नावं बोटांवर मोजावी लागतात, आणि एमआयडीसीजवळ राहणारी मुलं तर रात्री वासामुळे खिडकी लावून झोपतात. २०२० मध्ये रसायनांनी गुलाबी झालेला रस्ता आणि मे २०१६ व मे २०२४ चे कारखान्यांतले स्फोट आपण बातमी म्हणून विसरलो. मुलं मात्र ते त्यांच्या तब्येतीच्या यादीत अजून धरतात.

काही खुणांवर मात्र वाट बघत बसू नका. नेहमीच्या मित्रांना टाळणं, आवडती वस्तू कुणाला तरी देऊन टाकणं, आठवडेच्या आठवडे झोप किंवा जेवण बिघडणं, "माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय" अशी भाषा. हे ऐकलं तर "असलं अभद्र बोलू नये" म्हणून विषय तोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ओझं उतरतं. मुलाला एकटं सोडू नका आणि मदत घ्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. पालकांनी स्वतः फोन केला तरी चालतो. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी वेगळी बाह्यरुग्ण सेवा आहे, महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने चालते. तिथे मुलाला एकट्याने आत जाऊ द्या. आपण बाहेरच्या बाकावर बसायचं.

घरात ऐकणं आपल्या हातात आहे. घराबाहेरचं मात्र एकट्या घराला जमणारं नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात म्हटलंय, आणि कोचिंग क्लासही त्यात येतात. तेव्हा पुढच्या पालकसभेत टक्केवारीचं झालं की हात वर करा आणि दोनच गोष्टी विचारा. आपल्याकडे समुपदेशक कोण, आणि आठवड्यातून किती तास भेटतात? मुलींचं स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा साफ होतं? एका पालकाने विचारलं तर "बघतो" म्हणतील. शेजारच्या पाच जणांना आधी सांगून ठेवा.